साच्यावर बसलेले शेजारी

गणपतीला तीन आठवडे राहिले असताना, एका शनिवारी सकाळी, पेणजवळच्या जोहे गावातल्या एका मूर्तिकाराच्या कारखान्यात तांब्याची मूर्ती ओतण्याचं काम थांबलं. तांबं मुशीत वितळून तयार होतं. लांब चिमटे घेऊन दोन माणसं उभी होती. ज्या साच्यात ते ओतायचं होतं तो वाळूत गळ्यापर्यंत पुरलेला होता आणि त्याच्या तोंडावर सत्तरी ओलांडलेले एक गृहस्थ मांडी घालून बसले होते. ते रोह्याजवळच्या वरशे गावातले आमचे शेजारी. मी तिथे बातमीसाठी गेलो होतो.

पाण्याला त्यांच्याइतका भिणारा माणूस रोहे तालुक्यात दुसरा झाला नसेल. नदीच्या किंवा पुराच्या पाण्याचं त्यांना काही नव्हतं. कुंडलिका दुथडी वाहत असताना ते पुलावर उभे राहून आरामात शेंगदाणे खात. त्यांची भीती थेंबाची होती. ओली छत्री घेऊन त्यांच्या ओटीवर पाय ठेवणाऱ्याला ते नाव विचारण्याआधी परत पायरीवर पाठवत. पाण्याचा पेला खाली ठेवायचा तर आधी त्याचा तळ पुसत. त्यासाठी एक फडकं खांद्यावर, एक खिशात आणि एक दाराच्या खिळ्याला असे. जिथे चार महिने भिंतींनाही घाम फुटतो अशा गावात या माणसाने घर बांधलं होतं, आणि पावसाळाभर तो जिंकता न येणारी लढाई तीन फडक्यांनिशी लढत असे. काकूंची, म्हणजे त्यांच्या पत्नीची, सगळ्यात मोठी अडचण तळणाची होती. कढईत तेल तापलं की काका स्वयंपाकघराच्या दारात पहाऱ्याला उभे. वडे थापताना काकू हाताला पाणी लावत आणि प्रत्येक वेळी काका मागून म्हणत, "अगो, हात." एकदा मी समोर बसलेलो असताना काकूंनी झारा खाली ठेवला आणि मला म्हणाल्या, "भाऊ, चाळीस वर्सं हेच. ह्यांना वाटतं माझ्या कढईत वडे नाय, तांबं उकलतंय." काका शांतपणे म्हणाले, "तेलात थेंब पडला तर हात पोलतो. तांब्यात पडला तर माणूस नाय ऱ्हात." मग पुढे येऊन त्यांनी झारा पुसून दिला.

तांबं हा त्यांचा दुसरा विषय, आणि खरं म्हणजे एकमेव. राजस्थानात एका डोंगररांगेच्या पायथ्याशी सरकारने स्वातंत्र्यानंतर तांब्याचं एक मोठं संकुल उभारलं. देशभर विजेच्या तारा ओढायच्या होत्या आणि तांबं बाहेरून आणावं लागत होतं, त्यामुळे खाण, गिरणी, भट्टी आणि शुद्धीकरण अशी सगळी कामं एकाच आवारात आली. रोह्याचा एक फिटर तिकडे लागला होता. त्याच्या ओळखीने काका ऐन विशीत तिकडे गेले आणि भट्टी बंद होईपर्यंत तिथेच राहिले. गावी परतले ते 'भट्टीवाले काका' होऊन. नव्याने राहायला आलेल्या एका भाडेकरूने हे नाव ऐकून आपल्या बायकोला त्या घराकडे जाण्याची बंदी केली होती. भट्टी दारूची नव्हे हे कळायला त्याला दोन महिने लागले, आणि नंतर तोच रोज संध्याकाळी काकांच्या ओटीवर तांब्याचा धडा ऐकायला येऊन बसू लागला.

हे धडे सगळ्यांना मिळत. काकू तांदूळ धूत असल्या की काका पातेल्यात वर आलेला कोंडा दाखवून सांगत, तांबंही असंच वर काढतात. दगड दळून पिठासारखा करायचा, पाण्यात कालवायचा, त्यात तेलासारखं औषध घालून खालून हवा सोडायची. फेस येतो. तांब्याचे कण त्या फेसाला चिकटून वर येतात आणि दगड खाली बसतो. "जड ते तरंगतं आन् हलकं बुडतं, अशी ती एकच जागा," असं म्हणून ते ऐकणाऱ्याच्या तोंडाकडे बघत. शंभर किलो दगडात किलोभर तांबं निघालं तर खाण चांगली. भट्टीतून निघणारा धूर सोडून द्यायचा नसतो, त्याचं अ‍ॅसिड करायचं आणि अ‍ॅसिडाचं खत. तांबं जवळजवळ शुद्ध झालं की त्यात ओली, हिरवी लाकडं खुपसायची. वाळलेलं लाकूड चालत नाही; ओल्या लाकडातून निघणारी वाफ आणि वायू तांबं ढवळून काढतात आणि त्यातला प्राणवायू खेचून घेतात. यावर मी एकदा त्यांना अडवलं होतं. पाण्याचा थेंब चालत नाही आणि ओलं लाकूड कसं चालतं? ते खूष झाले. "वरून ओलं चालतं. खालून ओलं चालत नाय. पाणी तांब्याच्या खाली अडकलं की त्याला जायला वाट नसते. मग ते वाट करतं." शेवटी त्या तांब्याचे जाड पत्रे ओतून ते आम्लाच्या हौदात टांगून वीज सोडायची, आणि तळाशी जो गाळ साचतो त्यात सोनं-चांदी सापडते. खाणीच्या वाटेवर जुन्या, कोण जाणे कोणत्या काळातल्या भट्ट्यांच्या काळ्या मळीचे ढीग होते. "म्हंजे आमी पयले नव्हतो," ते म्हणत. त्यातला एक काळा खडा त्यांच्या देव्हाऱ्यात होता. दुसरी आठवण म्हणून त्यांनी आणलेला शुद्ध तांब्याच्या पत्र्याचा एक कोपरा होता, तो कपाटात, सुती रुमालात. कोणत्याही देवळातली तांब्याची घागर बघितली की ते टिचकी मारून "भेसळ हाय" म्हणत आणि पुजाऱ्याशी वैर घेत.

त्यांच्या आणखी काही सवयी मी वहीत टिपून ठेवल्या होत्या, त्यांचा अर्थ मात्र लावला नव्हता. एकदा घरी आलेल्या माणसाचा चहा ते विसरत नसत. कोणाला साखर नको, कोणाला आलं चालत नाही, हे दोन वर्षांनीही त्यांच्या लक्षात असे. घरात चहा झाला की ते सगळ्यांना देऊन मगच घेत, आणि घेत ते उभ्याने. भरलेला पेला ते दोन हातांनी नेत, एक हात तळाखाली. चालताना भिंतीच्या कडेने चालत आणि नजर पेल्यावर नसून पाच-सहा पावलं पुढच्या जमिनीवर असे. वरशातल्या एका हळदीला भर नाचणाऱ्या गर्दीतून ते कोकम सरबताचे बारा पेले असलेलं ताट घेऊन मांडवाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेले होते. कोणीतरी टाळ्या वाजवल्या. काकांना तो चेष्टेचा प्रकार वाटला असावा. ते जेवायला न थांबता घरी आले. भट्टीवरची माणसं चहात साखरेऐवजी मीठ घालून घेतात, घामाने अंगातलं मीठ जातं म्हणून, आणि खाणीतल्या माणसांना चहा इतका गोड लागतो की चमचा उभा राहावा, हेही त्यांनी मला सांगितलं होतं.

माझा धंदा बातमीचा. जे ऐकलं ते दुसऱ्याकडून पडताळून घ्यायचं, ही सवय ओटीवरही सुटत नाही. धाटावच्या कारखान्यात माझ्या ओळखीचा एक इंजिनिअर होता. त्याचा एक मित्र त्याच राजस्थानातल्या संकुलात नोकरीला होता. मी काकांकडून ऐकलेलं सगळं लिहून त्या मित्राकडे पाठवलं. उत्तर आलं की माहिती बरोबर आहे, एक-दोन ठिकाणी तर त्या मित्रालाही नवीन आहे. पण पुढे एक शंका होती. तिथे खाणीतल्या माणसाला भट्टी माहीत नसे आणि भट्टीवरच्याला आम्लाचे हौद. प्रत्येक विभागाचं फाटक वेगळं, पास वेगळा. सगळीकडे फिरलेला कामगार त्या मित्राने तरी पाहिला नव्हता.

हीच शंका काकांच्या मेव्हण्याला होती, आणि त्याने ती लग्नाकार्यात, बारशात, जिथे चारचौघं भेटतील तिथे बोलून दाखवली होती. मेव्हणा म्हणजे काकूंचा धाकटा भाऊ. जोह्यात त्याचा गणपतीचा कारखाना, आजोबांपासून चालत आलेला. "खाणीत दाजी, गिरणीत दाजी, भट्टीत दाजी, अ‍ॅसिडात पन दाजी," तो म्हणे. "मंग बाकीची मान्सं काय पत्ते खेलत व्हती?" सगळे हसत. काका फडक्याने काहीतरी पुसत राहत. काकू अशा वेळी भावाला ताट वाढायला उठत आणि विषय तिथे संपे.

त्या वर्षी मेव्हण्याला पुण्याच्या एका गिऱ्हाइकाने तांब्याचा गणपती सांगितला. वीतभर उंचीचा, भरीव, दरवर्षी तोच बसवायचा म्हणून. जोह्यात माती आणि प्लास्टर. धातूचं काम नव्हतंच. मेव्हण्याने पेणच्या एका तांबटाकडे जाऊन दोनदा ओतकाम बघितलं, मूस आणि भाता भाड्याने आणला, प्लास्टरमध्ये विटांची पूड कालवून साचा केला. तांबट स्वतः येणार होता, पण आदल्या दिवशी तापाने पडला. गिऱ्हाईक शनिवारी दुपारी मूर्ती न्यायला येणार होतं. मेव्हण्याने ठरवलं, आपणच ओतायचं. काकूंनी फोनवर भावाला सांगितलं की ह्यांच्याकडे शुद्ध तांब्याचा एक कोपरा आहे, तो देवाच्या मूर्तीत जाऊ दे. एवढ्यासाठी काकांना बोलावणं होतं. मी बरोबर निघालो, कारण जोह्यात तांब्याची पहिली मूर्ती ही माझ्या साप्ताहिकाला पहिल्या पानाची बातमी होती. रोह्याहून पेणला आणि पेणहून जोह्याच्या गाडीने काका, काकू आणि मी असे तिघे पोचलो. काका वाटभर रुमालातला कोपरा मांडीवर धरून होते.

कारखान्यात शिरल्याबरोबर काकांनी साचा बघितला. मेव्हणा त्याच्या तोंडातून साबणाच्या पाण्याचा बोळा आत फिरवत होता. जोह्यातला प्रत्येक माणूस हे करतो. कोरडा साचा प्लास्टरमधलं पाणी पितो, मूर्ती चिकटते, सोंड तुटते. म्हणून साचा आधी पाजून घ्यायचा, हे तिथे लहानपणापासून हाताला लागलेलं असतं. मेव्हण्याच्या आजोबांनी तसंच केलं होतं आणि एकही सोंड तुटली नव्हती.

काका म्हणाले, "हा साचा ओला हाय."

"तर मंग! कोरडा ठेवून कसं चालंल?"

"ह्याच्यात तांबं ओतायचं नाय."

"दाजी, तुमी तुकडा द्या आन् खुर्चीत बसा. तांबं तयार झालंय."

काका खुर्चीत बसले नाहीत. ते वाळूत उतरले आणि साच्याच्या तोंडावर बसले. चिमटेवाल्या दोघांपैकी एक हसला. दारात शेजारच्या कारखान्यातली, हाताला रंग लागलेली आठ-दहा बायकामाणसं जमली होती, तीही हसली. मेव्हण्याच्या कपाळावर घाम होता. मुशीतलं तांबं हिरवट ज्योत देत होतं.

"उठा वो दाजी. गिऱ्हाईक पनवेल सोडून फुडं आलंय."

"येऊ दे."

"हे बगा, तुमच्या गोष्टी आमी आजवर ऐकून घेतल्या. पन आज माझ्या इज्जतीचा सवाल हाय. इतकं तुमाला कललंय तर आज एकदा सांगाच. खानीत व्हतात, गिरनीत व्हतात, भट्टीत व्हतात. तुमी तिथं नक्की कोन व्हतात?"

काकांनी काकूंकडे बघितलं. काकू दाराला टेकून उभ्या होत्या.

"चहावाला," काका म्हणाले.

कोणी हसलं नाही.

"कँटीनात होतो. खाणीवर, गिरणीवर, भट्टीवर, सगळीकडं चहा न्यायचो. म्हणून सगळीकडचा पास होता. पयल्या दिवशी भट्टीवरच्या मुकादमानं जमिनीवर पिवळा पट्टा दाखवला. म्हणला, ह्या पट्ट्यावरून चाल आन् किटलीतला थेंब खाली पडला तर उद्या येऊ नको. मी इतकी वर्सं चाललो. थेंब पडला नाय. का पडू दिला नाय, तेवढं इचार."

"का?" हे मी विचारलं.

"एकदा तिथं पाऊस झाला. तिथं पाऊस म्हंजे वर्साचं नवल. तांबं ओतायचा मोठा लोखंडी डाव बाहेर राहिला होता. आत आणला, पुसला, पण तापवला नाय. वरून कोरडा दिसत होता. त्यात तांबं सोडलं तवा दोघंजण डावाजवल उभे होते. मी त्यांचा चहा घेऊन पट्ट्यावर होतो, वीस पावलांवर. एकाचा बिनसाखरेचा, एकाचा मिठाचा." काकांनी वाळूवर हात फिरवला. "दोन्ही गलास मी भरलेले परत आणले."

भाता चालवणाऱ्याचा हात थांबला होता. मेव्हणा चिमटेवाल्यांना म्हणाला, "मूस ठेवा खाली. भाता बंद करा." आणि वाळूत उतरून त्याने काकांना उठायला हात दिला. काकांनी तो हात धरण्याआधी उलटसुलट करून बघितला. साबणाच्या पाण्याने ओला होता. खिशातलं फडकं काढून त्यांनी तो पुसला आणि मग धरला.

काकू मला एवढंच म्हणाल्या, "लग्न ठरताना ह्यांच्या मामानं आमच्या बापाला सांगितलं, पोरगा भट्टीवर हाय. मी क्वार्टरात गेल्यावर किटली बघितली. जोह्यात कोनाला बोलले नाय. काय बोलायचं? भट्टीवर तर होतेच की."

साचा विस्तवावर ठेवला गेला. तासाभराने त्याच्या तोंडातून वाफ यायला लागली. दारातली माणसं पुढे होऊन बघून जात होती. दुपारी गिऱ्हाईक आलं तेव्हा वाफ येतच होती. मी घड्याळ लावून बघितलं, चार वाजेपर्यंत येत होती. बाहेरून तो साचा सकाळीच कोरडा दिसत होता. मेव्हण्याने गिऱ्हाइकाला स्वतः सांगितलं की उद्या या, चूक माझी आहे. गिऱ्हाईक चिडलं. काकांनी त्याला खुर्ची दिली आणि विचारलं, साखर किती? कारखान्याच्या मागच्या चुलीवर त्यांनी चौदा माणसांचा चहा केला आणि मूर्तींच्या रांगांमधल्या वीतभर वाटेतून, रंगाच्या डब्यांवरून पाय टाकत, दोन खेपांत सगळ्यांना पोचवला. त्यातली एक मूर्ती शाडूची, अजून ओली होती. तिच्याजवळून जाताना ते थांबले, तिच्यावरचं ओलं फडकं सारखं केलं आणि पुढे गेले. मेव्हण्याला चहा देताना म्हणाले, "तुझी माती ओलीच ठेव. ते तुझं खरं हाय."

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत साचा शेकला. रविवारी तीन वाजता तांबं ओतलं. रुमालातला कोपरा काकांनी स्वतः मुशीत टाकला, तोही आधी विस्तवाजवळ धरून तापवून. ओतताना काही झालं नाही. साचा फोडला तेव्हा मूर्तीच्या डाव्या हाताची दोन बोटं भरली नव्हती. गिऱ्हाइकाने मूर्ती नेली.

बातमी लिहिताना मी काकांना विचारलं, तुमच्याबद्दल काय लिहू? ते म्हणाले, "जे होतो ते." मी तसं लिहिलं. पुढच्या अंकात पहिल्या पानावर जाहिरात आली, त्यामुळे बातमी आतल्या पानावर गेली आणि जागेअभावी तिचा शेवटचा परिच्छेद गळाला. काकांबद्दलचं वाक्य त्यात होतं. छापलेला अंक मी त्यांना दिला तेव्हा त्यांनी तो दोनदा वाचला आणि घडी घालून देव्हाऱ्यातल्या काळ्या खड्याखाली ठेवला. जोह्यात मात्र बातमी छापण्याची गरज उरली नव्हती. मेव्हणा त्यानंतर चारचौघांत काकांना काही बोलल्याचं मी ऐकलं नाही. त्याच्या कारखान्यात धातूचं काम पुन्हा झालं नाही. वरशात काकांना लोक 'भट्टीवाले काका'च म्हणत राहिले.

दोन वर्षांनी साप्ताहिक बंद पडलं आणि मला अलिबागला नोकरी मिळाली. सामान टेम्पोत भरत होतो तो दिवस श्रावणातला होता. सकाळपासून पाऊस लागून होता. आमच्या दोन घरांमध्ये पायवाट आणि एक गटार, मोजून बत्तीस पावलं. काका त्यांच्या दारातून निघाले. डोक्यावर इरलं होतं, ते पुढे ओढलेलं. दोन्ही हात त्याच्या आत. ते भिंतीच्या कडेने, समोरच्या जमिनीकडे बघत आले. गटारावरची फळी त्यांनी पायाने चाचपली आणि ओलांडली. दारात येऊन इरलं मागे सारलं. हातात बशी होती, बशीत कप, कपावर झाकणी. चहा मला लागतो तसाच असणार, कमी साखरेचा आणि बिनआल्याचा.

मी कप उचलला. बशी कोरडी होती.